तोटी नसलेलं पाणी

कर्नाटकातल्या तीर्थहळ्ळीला रेल्वे जात नाही. माझे वडील दौंडला रेल्वेत गार्ड आहेत आणि ज्या गावाला रेल्वे जात नाही ते गाव अजून पुरतं झालेलं नाही, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे तिथल्या एका शाळेचं, इंग्रजी शिकवायला या, असं पत्र मला आलं तेव्हा त्यांनी आधी टाइमटेबल उघडलं, मग नकाशा, आणि मग पत्र माझ्या आत्याकडे पाठवून दिलं.

आत्या कोरेगाव भीमाला राहते. तरुणपणी तिने द्राक्षांच्या बागांत मजुरी केली, पुढे हायवेवरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. आमच्या घरातले मोठे निर्णय वडील जाहीर करतात आणि आत्या घेते. पत्र वाचून घेतल्यावर ती रविवारी दौंडला आली.

"तीन दिस राहू," ती म्हणाली. "शाळा बघू, खोली बघू. पटलं तर व्हय, न्हाई तर आली तशी परत."

"खोलीत काय बघायचं?" वडिलांनी विचारलं.

"सैपाकघर."

सैपाकघर का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही बौद्ध. मुलाच्या कॉलेजसाठी आत्याने एकदा एका गावात खोली घेतली होती. मालकाने तिसऱ्या दिवशी आडनाव विचारलं आणि चौथ्या दिवशी खोली परत मागितली. ही गोष्ट ती एका वाक्यात सांगते आणि सांगताना नेहमी दुसरं काहीतरी काम करत असते, तांदूळ निवडणं वगैरे.

मला ती नोकरी हवी होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सांगितलेल्या गोष्टीवर चर्चा होते.

बिरूरच्या पुढे

पुण्याहून रात्रभराची गाडी, बिरूरला उतरून शिमोग्याची गाडी आणि तिथून बस. शिमोगा सोडल्यावर झाडं सुरू झाली आणि मग थांबलीच नाहीत. आमच्याकडे झाड दिसलं की त्याखाली काहीतरी असतं, एखादी टपरी, म्हसोबा, नाहीतर पंक्चरवाला. इथे झाडाखाली दुसरं झाड होतं, त्याखाली झुडूप, झुडपावर वेल आणि वेलीवर शेवाळ. जमीन कुठे दिसत नव्हती.

"हे कोण लावतं?" आत्याने विचारलं.

"कोणी नाही. आपोआप येतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला इंग्रजी येत असल्यामुळे मला बाकीचं काही कळत नाही, असं तिला वाटतं.

पाऊस होता. तो पडत होता असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण पडण्याला सुरुवात लागते. कंडक्टर छत्री उघडून तिकिटं फाडत होता, कारण बसचं छप्पर दोन ठिकाणी गळत होतं. त्या दोन जागांखाली बसलेल्यांनीही छत्र्या उघडल्या होत्या.

गाव

तीर्थहळ्ळी तुंगा नदीच्या काठावर आहे. आमच्याकडे शिरूर गावालाच घोडनदी म्हणतात. तिथे लोक नदीचं नाव गावाला देऊन मोकळे झालेत आणि नदीत पाणी आहे की नाही हे पुलावरून जाताना बघतात. दौंडला भीमेत धरणातून सोडलं की पाणी येतं. तीर्थहळ्ळीत नदी स्वतःहून येते. कमानींच्या पुलावर उभं राहिलं की खाली लाल-तपकिरी पाणी खडकांना वळसे घालत जाताना दिसतं, आणि पुलावरचं कोणी तिकडे बघत नाही.

गाव लहान आहे. एक बाजाररस्ता, सुपारीच्या अडती, पुस्तकांची दोन दुकानं, भांड्यांची चार, आणि छत्री दुरुस्त करणारे मी मोजले ते पाच. प्रत्येक दुकानाबाहेर एक बादली असते. त्यात छत्र्या उलट्या ठेवायच्या. सगळ्या काळ्या असल्यामुळे लोक आपलं नाव पांढऱ्या रंगाने छत्रीवर लिहून घेतात. त्यामुळे रस्त्याने चालणाऱ्याचं नाव आपल्याला कळतं, पण चेहरा दिसत नाही. लाजाळू माणसासाठी ही उत्तम सोय आहे. घरांच्या पावसाकडच्या भिंतींना झावळ्यांचे तट्टे बांधलेले असतात, आपण म्हशीच्या गोठ्याला बांधतो तसे, पण इथे ते डॉक्टरच्या बंगल्यालाही होते.

भेटणारा प्रत्येक जण "ऊटा आयता?" विचारतो. म्हणजे जेवण झालं का. आत्याने पहिल्या दिवशी प्रत्येकाला खरं उत्तर दिलं, मराठीत, काय खाल्लं त्यासकट.

शाळेतली मुलाखत दहा मिनिटांची झाली. हेडमास्तरांनी मला कौलारू वर्गाच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि उंटावरचा एक परिच्छेद वाचायला सांगितला. बाहेर कौलांवर पाऊस होता. मी वाचला. दौंडच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर मला आठ वर्षं "मोठ्याने" म्हणत होत्या, त्याचा तिथे पहिल्यांदा उपयोग झाला. हेडमास्तर म्हणाले की जून ते सप्टेंबर आवाज एवढाच लागतो, बाकी माझे मार्क त्यांनी पाहिले आहेत, आणि दसऱ्यानंतर या. राहायला एक निवृत्त बाई खोली देतात, त्यांना सांगून ठेवलं आहे.

खोली

त्या बाईंचं नाव शारदम्मा. पुलापलीकडे मैलभर, उतारावर घर, खाली सुपारीची बाग. एकट्या राहतात. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि इंग्रजी बोलताना प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतात. मराठी येत नाही. आत्याला इंग्रजी येत नाही. त्यामुळे आम्ही तिथे राहिलो त्या तीन दिवसांत त्या दोघींमधली प्रत्येक गोष्ट माझ्यातून गेली.

खोलीला स्वतंत्र दार होतं, खिडकीतून नदीचा आवाज यायचा. आत्याने भिंतीला हात लावला. ओला आला.

"सांग तिला, भिंतीला ताप आलाय."

"आत्या म्हणते, खोली छान आहे," मी इंग्रजीत सांगितलं.

"एवढंच? मी येवढं बोलले आन् येवढंच?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात."

वाटेत आत्याच्या पायाला जळू लागली होती. बागेत काम करणारे मंजप्पा, वय पन्नाशीच्या पुढचं, अंगावर घोंगडीची खोळ, त्यांनी कमरेची डबी काढली आणि पानाला लावायचा चुना बोटाने जळूवर टेकवला. जळू पडली. आत्याने त्यांच्या डबीकडे आदराने पाहिलं आणि मला म्हणाली, "ह्यो माणूस बरा हाय." तीर्थहळ्ळीबद्दलचं हे तिचं पहिलं चांगलं मत.

जेवण ओसरीवर, केळीच्या पानावर. वाफवलेले तांदळाचे गोळे, त्यांना कडबू म्हणतात, बांबूच्या कोंबांची आमटी, आणि आपल्या अळुवडीची बहीण शोभेल अशी पत्रोडे. शारदम्मांनी वाढलं आणि त्या आत गेल्या. त्या स्वतः कुठे, कशात जेवल्या ते दिसलं नाही.

"पानाचं बरं असतंय," आत्या पान दुमडत हळूच म्हणाली. "टाकून दिलं की झालं. भांडं घासाया नको."

"इथे सगळे पानावरच जेवतात, आत्या."

"व्हय. आन् सैपाकघराचं दार?"

ते लोटलेलं होतं. पावसामुळेही असेल. धुरामुळेही असेल.

"आडनाव सांगितलंस का तिला?"

"सांगते."

"आपन कोन ते सांग. सरळ इचार, आमची पोरगी चुलीपाशी गेली तर चालंल का. नंतर इचारन्यापरीस आत्ता."

"विचारते," मी म्हणाले, आणि शारदम्मा बाहेर आल्यावर त्यांना इंग्रजीत विचारलं की पत्रोड्यांत गूळ घालतात का. त्यांनी बरंच सविस्तर सांगितलं आणि आतून गुळाचा खडा आणून दाखवला. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नाही, पण गूळ तिला कळला असावा.

मी घाबरट आहे असं नाही. मला उत्तर नको होतं. उत्तर येईपर्यंत खोली माझी होती.

पाणी

घराच्या मागे न्हाणीपाशी एक दगडी डोणी आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी तिथपर्यंत सुपारीच्या पन्हळींतून येतं. सुपारीचं खोड उभं चिरायचं, आतून पोखरायचं आणि एकाला एक लावत डोंगरापासून घरापर्यंत आणायचं. शेवटच्या पन्हळीतून पाणी डोणीत पडतं. दिवसा पडतं, रात्री पडतं, उन्हाळ्यातही पडतं. डोणी भरून वाहते आणि उरलेलं पाणी पाटाने बागेत जातं.

आत्याच्या घरी एक दिवसाआड पाऊण तास पाणी येतं. ते कधी येईल ते कोणी सांगत नाही, म्हणून दारातल्या तोटीखाली कायम हंडा असतो. पहिल्या संध्याकाळी तिने त्या डोणीशेजारी उभं राहून शारदम्मांच्या घरची दोन पातेली, तीन बादल्या, एक कळशी आणि आमची प्रवासातली बाटली भरून ठेवली. शारदम्मांनी ती रांग पाहिली आणि मला विचारलं, उद्या काही समारंभ आहे का.

"बंद कर की ते," आत्या मला म्हणाली.

"त्याला तोटी नाही."

"तोटी न्हाई म्हंजी?"

"म्हणजे ते बंद होत नाही."

ती अंथरुणावर पडली, पण तिला झोप लागली नाही. नदीच्या आवाजाचं काही नाही म्हणाली, नदी सरकारची आहे. घरातलं पाणी वाहताना ऐकवत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी पाऊस उघडला. इथे उघडला म्हणजे पाच-सहा तास, आणि त्या तासांसाठी माणसं आठवडाभर टपून असतात. पावसाळ्यात सुपारीची फळं कुजून गळतात, म्हणून घोसांवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारायचं असतं, आणि ते झाडं निथळल्याशिवाय फवारता येत नाही. मंजप्पांनी शेडमध्ये सगळी तयारी मांडली. निळ्या मोरचुदाची पोती, रिकामी पिंपं, आणि एका मोठ्या टोपलीत कळीच्या चुन्याचे पांढरे कोरडे दगड. एकट्याने त्या दिवसात अर्धीच बाग उरकणार होती. मग ते झाडं अजून किती ओली आहेत ते बघायला बागेत उतरले. शारदम्मा जेवून आडव्या झाल्या. मी पायरीवर बसून वडिलांना पत्र लिहीत होते.

आत्या मागच्या बाजूला होती. अचानक खूप शांत झालं. काय बदललं ते मला लगेच कळलं नाही. मग कळलं की डोणीत पाणी पडत नाहीये.

तिने शेवटच्या पन्हळीच्या तोंडात सोललेल्या नारळाची सोडणं आणि त्याभोवती जुन्या लुगड्याची चिंधी गच्च बसवली होती. काम पक्कं होतं. पॅकिंगमध्ये तिचं नाव होतं.

"बघ," ती म्हणाली. "न्हाई म्हनं बंद व्हत."

पाणी मात्र डोंगरातून येतच होतं. ते पन्हळीत मागे मागे तुंबत गेलं आणि शेडशेजारी जिथे दोन पन्हळी जोडल्या होत्या तिथून बाहेर पडलं. शेडची जमीन आत उतरती होती. पाणी टोपलीपर्यंत गेलं.

कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो तापतो, फुगतो आणि फुटतो. भट्टीसारखा आवाज झाला आणि शेडमधून पांढरी वाफ बाहेर आली. एवढ्या ओल्या मुलखात काहीतरी पेटलं, असं वाटायला लावणारं दृश्य होतं. शारदम्मा धावत आल्या आणि टोपली बाहेर ओढायला त्यांनी दोन्ही हात घातले. मंजप्पा बागेतून ओरडत वर आले, त्यांनी शारदम्मांना मागे खेचलं आणि त्यांचे हात डोणीत धरले. डोणीत होतं तेवढं पाणी पुरलं. मी जाऊन पन्हळीतली चिंधी उपटली. पाणी पुन्हा पडायला लागलं.

शारदम्मांचे तळवे लाल झाले होते. त्यांनी माझ्या हातातल्या चिंधीकडे पाहिलं आणि फळ्यावर लिहिल्यासारखं विचारलं, "पाणी कोणी अडवलं?"

मी आत्याला सांगितलं. या वेळी शब्द कमी केले नाहीत.

आत्याने पदर खोचला. "मी. सांग तिला. आन् आता सगळंच सांग. मी कोन, तू कोन, आपन कोनत्या समाजाचे. पाण्याला हात लावलाय, टोपलीबी गेली, एकदाच काय ते बोलून घे म्हनावं. गूळ नको इचारू."

मी सांगितलं. उंटाचा परिच्छेद वाचला त्याच आवाजात, कारण दुसरा तेवढा मोठा आवाज माझ्याकडे नाही. आडनाव सांगितलं. बौद्ध आहोत हे सांगितलं. आत्या तीन दिवसांसाठी एवढंच विचारायला आली आहे की मी तुमच्या चुलीपाशी गेले तर चालेल का, आणि मी दोन दिवस ते विचारलं नाही, हेही सांगितलं.

शारदम्मांनी ऐकून घेतलं. हात पुन्हा डोणीत बुडवले. मला त्या क्षणी खोली गेली असं वाटलं.

"मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "तुझी आत्या दाराकडे बघते. मीही विचार करत होते. विचार केला नाही म्हणाले तर खोटं होईल." मग त्यांनी आकाशाकडे पाहिलं. "चुना विरला आहे. आजच वापरला पाहिजे, सगळा. नाहीतर फुकट. तिला सांग, पिंप ढवळायला माणूस नाही."

याला हो म्हणतात की नाही, ते मला कळलं नाही. मी आत्याला फक्त पिंपाचं सांगितलं.

"मोरचूद हाय का ते?" आत्या म्हणाली. "मग आधी का न्हाई सांगितलं. द्राक्षाला हेच मारत व्हतो आम्ही."

पुढचे चार तास तिने ते शेड चालवलं. मोरचूद वेगळ्या पिंपात, चुना वेगळ्या, मग दोन्हीच्या धारा एकदम तिसऱ्यात. मंजप्पा कन्नडमध्ये एक सांगायचे, ती मराठीत तेच करायची. झालेल्या पाण्यात तिने विळा बुडवून धरला. पात्यावर तांबूस रंग चढला म्हणजे चुना कमी. मंजप्पांनी त्यांचा कोयता बुडवला, दोघांनी पाती शेजारी धरून पाहिली, ती कोरीच होती, आणि दोघांनी माना डोलावल्या. मी पंप मारत होते. मंजप्पा एका झाडावर चढायचे, शेंडा झुलवायचे आणि खाली न उतरता शेजारचं झाड पकडायचे. आत्या प्रत्येक वेळी "पडतंय आता" म्हणायची आणि ते पडायचे नाहीत.

सगळी बाग फवारून झाली. संध्याकाळी पुन्हा पाऊस आला तेव्हा घोस निळे झाले होते आणि आम्हीही.

भाकरी

तिसऱ्या दिवशी दुपारची बस होती. सकाळी शारदम्मांच्या हातांना खोबरेल तेल आणि फडकी होती. त्या ओसरीवर आल्या आणि मला म्हणाल्या की तांदळाची उकड काढून ठेवली आहे, पण मळता येत नाही, थापताही येत नाही.

मी आत्याला सांगितलं.

"मग?" आत्या म्हणाली. ती बॅग बांधत होती.

"मग काही नाही. एवढंच म्हणाल्या."

शारदम्मा वळल्या आणि त्यांनी कोपराने स्वयंपाकघराचं दार ढकललं. ते उघडंच राहिलं. त्या आत जाऊन चुलीशेजारच्या पाटावर बसल्या आणि दाराकडे बघत राहिल्या.

आत्याने बॅगेची गाठ पुरी केली. तिने पाय धुतले, दोनदा, मागच्या डोणीवर, आणि आत गेली.

मी उंबऱ्याशी उभी राहिले. स्वयंपाकघर साधं होतं. वर धुराने काळं झालेलं छप्पर, शिंक्यात फणसाच्या आठळ्या. आत्याने उकड चिमटीत घेऊन पाहिली, "पानी ज्यादा झालंय" म्हणाली, आणि मळायला बसली. तिथे रोटी केळीच्या पानावर बोटांनी पसरतात. आत्याने पान बाजूला सारलं आणि दोन हातांवर भाकरीसारखी थापली. शारदम्मा वाकून बघत होत्या. पहिली तव्यावर टाकताना फाटली. दुसरी टिकली.

शारदम्मांनी तिथेच बसून खाल्ली. बोटांना फडकी होती म्हणून तुकडे आत्याने करून दिले.

"सांग तिला," आत्या तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "ही पोरगी इंग्रजी शिकवंल, पन हिला भाकरी येत न्हाई. शिकवा म्हनावं. चुलीपाशी बसवून."

मी ते शब्दशः सांगितलं.

"रोज सकाळी सहाला," शारदम्मा म्हणाल्या. "उशीर चालणार नाही."

परत

परत आल्यावर मी दोन दिवस कोरेगावला होते. पुढच्या महिन्यात मला निघायचं आहे. वडिलांनी शिमोग्यापर्यंतच्या गाड्या लिहून दिल्या आहेत आणि त्यापुढे "बस" असं लिहून खाली रेघ मारली आहे.

आत्या आली हे कळल्यावर वस्तीतल्या बायका जमल्या. पाऊस किती, जंगल केवढं, नदी कशी, हे कोणी विचारलं नाही. आत्यानेच सांगितलं की तिथे पाण्याला तोटी नाही. तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "ते असू दे. सैपाकघराचं काय?"

आत्या तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"काय म्हंजी? मी भाकऱ्या थापून आले. तिनं पाच खाल्ल्या."

तीन खाल्ल्या. मी उंबऱ्यावरून मोजत होते.